धरणाचा एक्स-रे

गेल्या एप्रिलच्या अखेरीस ओपीडीत एक मच्छीमार आले होते. वय साठीच्या आसपास, दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, खाजवून सोललेले. त्वचारोगाची रांग मोठी होती म्हणून मेडिसिनच्या टेबलाकडे वळले असावेत. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून पाण्याची प्लॅस्टिकची बाटली काढली आणि केसपेपरच्या शेजारी ठेवली. ‘‘डॉक्टरसाहेब, हातांचं औषध द्याच, पण आधी हे बघा. पंधरा दिवस झाले, आमच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर अशी पोपटी साय धरलीय. जाळं ओढलं की हाताला चिकटती.’’ बाटलीत वरचा बोटभर थर हिरव्या ऑइलपेंटसारखा दाट होता आणि खालचे पाणी फिकट हिरवे.

हातांना मलम दिले, गोळ्या दिल्या. प्रश्न बाटलीचा होता. नमुना पाठवला तर प्रयोगशाळेने तो परत केला. निर्जंतुक बाटलीत घेतलेला नव्हता, आणि त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच होते. मग आरोग्य कर्मचाऱ्याकरवी दुसरा नमुना गेला. आठ-नऊ दिवसांनी अहवाल आला: कोलिफॉर्म जिवाणू आढळले, पाणी पिण्यास अयोग्य. धरणाचे कच्चे पाणी थेट पिण्यास अयोग्य असते हे सांगायला अहवालाची गरज नव्हती. ती साय कशाची, ती विषारी आहे का आणि धरणाच्या किती भागावर पसरली आहे, हे माझे तीन प्रश्न होते. त्यातल्या एकाचेही उत्तर त्या कागदावर नव्हते, कारण आपली पाणीतपासणी ते प्रश्न विचारण्यासाठी बांधलेलीच नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या युनिटमधल्या एका इंटर्न मुलीने दुपारच्या चहाच्या वेळी मोबाइलवर काढून दाखवले. युरोपीय अंतराळ संस्थेच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे कोणालाही फुकट पाहता येतात. तिने धरण शोधले, तारखा मागे-मागे नेल्या. मच्छीमार आमच्याकडे येण्याच्या सतरा दिवस आधीच्या चित्रात धरणाच्या एका फाट्यात हिरवी रेघ दिसत होती. त्यानंतरच्या चित्रात रेघेचा पट्टा झाला होता, आणि त्यापुढच्या चित्रात तो पट्टा वाऱ्याने मच्छीमारांच्या काठाला लागलेला होता. म्हणजे जिल्ह्यातल्या एकाही माणसाला ठाऊक नसलेली गोष्ट पृथ्वीपासून ७८६ किलोमीटरवरच्या यंत्राने तीन वेळा टिपून ठेवली होती. टिपलेले पाहायला मात्र कोणी नव्हते.

हे तंत्र नवे असते तर मी हा लेख लिहिला नसता. पहिला लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये गेला. खास समुद्राचा रंग मोजणारे पहिले उपकरण अमेरिकेने १९७८ मध्ये निंबस-७ या उपग्रहावर बसवले. आपल्या इस्रोने १९९९ च्या मे महिन्यात ओशनसॅट-१ सोडला, त्यावर महासागराचा रंग मोजणारा कॅमेरा होता. २००९ मध्ये ओशनसॅट-२ आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३ गेला. त्या मोजमापांच्या जोरावर हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था किनारपट्टीच्या मच्छीमारांना मासे कुठे सापडण्याची शक्यता जास्त आहे ते कळवते. समुद्रावर शेवाळ कुठे फुलले आहे, याचीही माहिती ती देते. रत्नागिरीच्या नाखव्याला ही सोय आहे. धरणात होडी घालणाऱ्या गोड्या पाण्यातल्या मच्छीमाराला, आणि त्याच धरणाचे पाणी नळाने पिणाऱ्या शहराला ती नाही, किंवा असलीच तर माझ्यासारख्या सरकारी डॉक्टरच्या टेबलापर्यंत ती आजवर एकदाही आलेली नाही.

पाण्याचा रंग आकाशातून कसा वाचतात, ते थोडक्यात सांगतो. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात एक पांढरी थाळी दोरीला बांधून सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. इतके साधे उपकरण! आजही जगभर तळ्यांचा गढूळपणा त्याच थाळीने मोजतात. उपग्रह तत्त्वतः तेच करतो, फक्त थाळीऐवजी पाण्यात शिरून परत फिरलेला सूर्यप्रकाश मोजतो. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळा विखुरते. पाण्यात माती मिसळली की सगळाच परतीचा प्रकाश वाढतो, म्हणून पुराचे पाणी आकाशातून तपकिरी उजळ दिसते. कुजलेल्या पाल्यातून उतरणारे रंगद्रव्य निळा प्रकाश खाते. तसे पाणी चहाच्या अर्कासारखे दिसते. आणि शेवाळातले हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश खाऊन हिरवा परत पाठवते, शिवाय तांबड्याच्या पलीकडे, ७०० नॅनोमीटरच्या जरा पुढे, परतीच्या प्रकाशात एक उंचवटा तयार करते. त्या उंचवट्याची उंची मोजली की शेवाळ किती दाट आहे याचा अंदाज येतो.

आमच्या कामाचा तपशील यापुढचा आहे. सगळे शेवाळ वाईट नसते. माशांचे ते अन्न आहे. आम्हाला भीती वाटते ती नीलहरित शेवाळाची. खरे तर ते शेवाळ नव्हेच, प्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत, पण मराठीत नाव रूढ झाले आहे तेच वापरतो. त्यांच्यात फायकोसायनिन नावाचे एक निळसर रंगद्रव्य असते आणि ते ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. ज्या उपग्रहाला बरोबर तो रंग वेगळा मोजता येतो, त्याला साधे शेवाळ आणि नीलहरित शेवाळ यांतला फरक सांगता येतो. सेंटिनेल-३ या उपग्रहाला ते जमते, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका ३०० मीटर लांब-रुंद जागेचा असतो. उजनी किंवा नाथसागर यांसारख्या पसरट जलाशयांना तो पुरतो. सह्याद्रीच्या घळीतल्या चिंचोळ्या धरणात अर्धा ठिपका डोंगरावर पडतो. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दहा हजार ठिपके. दर पाच दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो, पण ६२० चा रंग त्याला वेगळा दिसत नाही. म्हणजे एकाची नजर बारीक आहे तर दुसऱ्याची रंगाची पारख चांगली. दोघांची चित्रे शेजारी ठेवून वाचावी लागतात, जशी आम्ही सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन शेजारी ठेवतो.

एक बारकावा मला फार आवडला. नीलहरित शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. रात्री पाणी शांत असले की त्या पेशी वर तरंगून येतात आणि सकाळी साय धरतात. दुपारी वारा सुटला की ती साय ढवळली जाऊन खाली जाते. सेंटिनेल-२ आपल्या डोक्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. मच्छीमार पहाटे पाण्यावर असतात. आणि आमचे नमुने घेणारे कर्मचारी? एसटी मिळून तिथे पोहोचेपर्यंत साधारण दुपार झालेली असते.

आता हे सगळे आरोग्याच्या सदरात कशासाठी, ते सांगतो. या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका सरोवरावर अशी साय धरल्यावर ते पाणी पिऊन गुरेढोरे कशी मेली, याचे वर्णन ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले. म्हणजे माहिती जवळपास दीडशे वर्षांची आहे. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच पाम बेटावर धरणातले शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकला गेला आणि त्यानंतर काही दिवसांत जवळपास दीडशे लोक, त्यांत बहुतेक मुले, यकृत सुजून आणि उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. शेवाळ मेले, पण मरताना पेशी फुटल्या आणि आतले विष पाण्यात उतरले. ही गोष्ट मी पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक अभियंत्याला सांगतो, कारण हिरवे पाणी दिसले की आपल्याकडे पहिला हुकूम सुटतो तो ‘औषध मारा’ असाच.

पण माझी झोप ज्या घटनेने उडवली ती ब्राझीलमधली आहे. १९९६ चा फेब्रुवारी, ईशान्य ब्राझीलमधले कारुआरू शहर. दुष्काळी मुलूख आणि उन्हाळ्याचे दिवस. एका डायलिसिस केंद्रात टँकरने पाणी येत होते, धरणातून उचललेले आणि नीट शुद्ध न केलेले. रुग्णांना डायलिसिसनंतर डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, डोके दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या. त्या केंद्रातल्या शंभरच्या आसपास रुग्णांची यकृते निकामी होत गेली आणि त्या वर्षअखेरपर्यंत पन्नासहून अधिक मृत्यू या एकाच कारणाने झाल्याचे ठरले. पाण्यात, गाळणीच्या कार्बनमध्ये आणि मृतांच्या यकृतात शेवाळाचे मायक्रोसिस्टिन हे विष सापडले.

हे वाचताना सामान्य वाचकाला वाटेल की विषारी पाणी प्यायले की काय. प्यायले नाहीत, त्याहून वाईट झाले. डायलिसिसच्या एका चार तासांच्या फेरीत साधारण १२० लिटर पाणी यंत्रातून रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहते, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. तुमच्या-माझ्या पोटात पाणी गेले तर आतडे आणि पचन यांची काहीतरी आडकाठी असते. डायलिसिसच्या रुग्णाला ती नाही. आठवड्यातून तीन फेऱ्या. आज आपल्या राज्यात जिल्हा रुग्णालयांपर्यंत डायलिसिस पोहोचले आहे आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या रुग्णांना हात जोडून घरी पाठवत होतो, ते आज जगतात. त्या केंद्रांत पाणी शुद्ध करणारी आरओ यंत्रणा असते, कार्बनची टाकी असते. पण त्या टाकीतला कार्बन कधी बदलायचा, हे ठरवताना धरणात या आठवड्यात काय चालले आहे ते कोणालाच माहीत नसते. एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले की मी आमच्या तंत्रज्ञाला रोज विचारतो, आजचे पाणी कुठले. त्याला बहुधा टँकरवाल्याचे नाव सांगता येते.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराचे उदाहरण नेहमी दिले जाते. २ ऑगस्ट २०१४ रोजी सकाळी सुमारे चार लाख लोकांना सांगण्यात आले की नळाचे पाणी पिऊ नका, उकळूही नका. ईरी सरोवरातले शेवाळ वाऱ्याने पाणी उपसण्याच्या जागेवर लोटले होते आणि शुद्ध केलेल्या पाण्यातही मायक्रोसिस्टिन जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला एक मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. पाणी आटते आणि विषाचे प्रमाण वाढते. तीन दिवस बंदी होती. या उदाहरणातला सोयीस्करपणे विसरला जाणारा भाग असा, की ईरी सरोवरावर उपग्रहांची नजर तेव्हाही होती, शेवाळाचे अंदाजही निघत होते. तरीही शहर अडकले. तेव्हा उपग्रह असला की काम झाले, असे मी म्हणणार नाही. पुढे अमेरिकेत चार सरकारी संस्थांनी मिळून दोन हजारांहून अधिक मोठ्या तळ्यांवर उपग्रहाने नीलहरित शेवाळाची नियमित पाहणी सुरू केली. २०१७ मध्ये यूटा सरोवरावर उपग्रहामुळे इशारा काही दिवस आधी देता आला. त्यातून टळलेल्या आजारपणाची किंमत संशोधकांनी सुमारे तीन लाख सत्तर हजार डॉलर काढली. एका सरोवराची, एका हंगामाची.

आपल्याकडे या विषयाचे नाव काढले की पहिले आठवते ते उजनी. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड. पवना, मुळा, मुठा, इंद्रायणी या साऱ्या नद्या दोन्ही शहरांचे सांडपाणी घेऊन शेवटी तिथेच येतात. सांडपाण्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन हे शेवाळाचे खत. वरून आजूबाजूच्या उसाचे खत वेगळे. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेले की पाणी कमी, ऊन जास्त आणि खत तेवढेच. पाणी हिरवे व्हायला आणखी काय लागते? हेच पाणी सोलापूर पिते आणि आषाढीला चंद्रभागेत लाखो वारकरी ज्यात स्नान करतात तेही उजनीतून सोडलेले असते. भिगवणला फ्लेमिंगो पाहायला जाणाऱ्यांना मी नाउमेद करणार नाही. पक्ष्यांचे फोटो काढताना पाण्याचाही एक काढा, इतकेच.

मार्च ते मे या तीन महिन्यांत दख्खनच्या पठारावर आकाश बहुतेक निरभ्र असते. म्हणजे धरणे हिरवी होण्याचा हंगाम आणि उपग्रहाला स्वच्छ दिसण्याचा हंगाम एकच आहे. देशातली सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, उपग्रहांची चित्रे फुकट आहेत, नागपूरला राज्याचे स्वतःचे सुदूर संवेदन केंद्र आहे. वर्षातून हे तीन महिने, पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या मोठ्या जलाशयांचे आठवड्याला एक पानाचे पत्रक निघाले आणि ते पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला गेले, तर त्याचा खर्च दोन-चार जाणकार माणसांच्या पगाराएवढाच येईल, असे मला वाटते.

त्या पत्रकाचा उपयोग काय? चार-पाच दिवस आधी कळले तर अभियंत्याला पाणी उचलण्याचा दरवाजा बदलता येतो, साय वर असताना खालच्या थरातले पाणी घेता येते. कच्च्या पाण्यात आधीच क्लोरीन मारणे थांबवता येते, कारण त्याने पेशी फुटतात. आधी तुरटीने आणि गाळणीने अख्ख्या पेशी काढायच्या आणि मग क्लोरीन, असा क्रम ठेवता येतो. कार्बनची भुकटी मागवून ठेवता येते. आणि आमच्यासारख्यांना डायलिसिसच्या टाक्या तपासता येतात. हे सगळे बातमी येण्याआधी करायचे काम आहे. नळाला हिरवे पाणी आल्यावर उरते ते फक्त आंदोलन.

आता या तंत्राचे दोष. ते सांगितले नाहीत तर मी डॉक्टर नसून विक्रेता ठरेन. पाण्यावरून उपग्रहाला मिळणाऱ्या प्रकाशात नव्वद टक्के वाटा मधल्या हवेचा असतो. पाण्याची खबर उरलेल्या दहा टक्क्यांत. हवेतली धूळ आणि बाष्प वजा करण्याचे गणित थोडे चुकले की उत्तर चुकते. उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा वरचा थर. विष दिसत नाही, दिसते ते विष तयार करू शकणारे शेवाळ, आणि त्यातल्याही सगळ्या जाती विषारी नसतात. छातीच्या एक्स-रेमध्ये सावली दिसली म्हणजे टीबी झाला असे आम्ही म्हणत नाही, थुंकी तपासतो. पण सावली दिसली म्हणूनच थुंकी मागतो हेही खरे. लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा रंगातला बदल उपग्रहाच्या चित्रांत सरळ दिसला. तो कशामुळे, हे मात्र पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले: खारट पाण्यात वाढणारे मिठप्रेमी सूक्ष्मजीव.

त्याहून मोठी मर्यादा माझ्या रोजच्या कामाशी आहे. कॉलरा, कावीळ, विषमज्वर, ग्रामीण भागातली गॅस्ट्रो यांपैकी काहीही उपग्रहाला दिसत नाही. नायट्रेट दिसत नाही, फ्लोराइड दिसत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारेची साथ आली, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले, अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तिथे जगातला कोणताही उपग्रह काही करू शकला नसता. विहीर हा उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपकासुद्धा भरत नाही. शिवाय पाण्यातून पसरणाऱ्या साथींचा आपला हंगाम पावसाळा, आणि पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ढगांखाली काय चालले आहे ते या कॅमेऱ्यांना दिसत नाही. रडार असलेले उपग्रह ढगांतून पाहतात, पुराचे पाणी किंवा जलपर्णीचा गालिचा ते मोजतात. पण पाण्याचा रंग त्यांना कळत नाही.

असे असूनही कॉलऱ्याच्या बाबतीत एक आडवाट सापडली आहे. रिटा कोलवेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी कॉलऱ्याचा जंतू खाडीच्या पाण्यात बारीक प्लवकांना चिकटून राहतो हे दाखवले होते. समुद्राचे तापमान आणि पातळी उपग्रहाने मोजून ती बांगलादेशातल्या कॉलऱ्याच्या रुग्णसंख्येशी ताडून पाहणारा त्यांच्या गटाचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच कोलवेल यांनी पुढे बांगलादेशातल्या गावांत बायकांना जुन्या साडीच्या चार पदरांतून पाणी गाळायला शिकवले आणि कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. उपग्रह आणि जुनेर, दोन्ही एकाच बाईच्या कामात! आपल्याकडे केरळच्या वेंबनाड तलावावर याच धर्तीचे काम चालले आहे: वरून उपग्रह, आणि खाली काठावरचे सामान्य नागरिक सेक्कीच्या छोट्या थाळ्या घेऊन पाण्याचा रंग आणि गढूळपणा मोबाइलवर नोंदवतात. त्याच तलावात २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, पाण्यातला गाळ सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे लँडसॅटच्या चित्रांवरून निघाले. होड्या, हाउसबोटी, कारखाने बंद असल्यावर पाणी किती श्वास घेते, ते मोजता आले.

मला भीती एका गोष्टीची वाटते, आणि ती मंत्रालयातल्या लोकांनी ऐकावी. उपग्रह आला की प्रयोगशाळेवरचा खर्च कमी करता येईल असा हिशेब कोणीतरी मांडेल. पडद्यावरचे रंगीत नकाशे बैठकीत छान दिसतात; गावातल्या जलसुरक्षकाची ओटी टेस्ट छान दिसत नाही. पण टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही हे त्या पिवळ्या रंगावरूनच कळते, आकाशातून कळत नाही. ग्रामपंचायतींना आपण लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देतो, त्यामागे पायपीट करणारी माणसे असतात. उपग्रहाने त्यांचे काम कमी होणार नाही, उलट वाढेल, कारण जिथे सावली दिसेल तिथे होडी घेऊन जावे लागेल. होडी, नमुन्याच्या बाटल्या, शेवाळाची जात सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणारा माणूस आणि विष मोजण्याची सोय, ही निदान विभागाला एक तरी हवी. शेवाळ ओळखणारे प्राध्यापक आपल्या वनस्पतिशास्त्र विभागांत आहेत. त्यांना आरोग्य खात्याचा फोन शेवटचा कधी गेला, हे त्यांनाच विचारा.

दुसरा आक्षेप नेहमी येतो, असे पत्रक निघाले तर लोक घाबरतील. मी तीस वर्षे लोकांना वाईट बातम्या सांगतो आहे. लोक बातमीने घाबरतात त्याहून जास्त लपवाछपवीने घाबरतात. आणि चित्रे तर जगाला खुलीच आहेत. आमच्या इंटर्नला चहा संपायच्या आत सापडले ते उद्या कोणीही शोधून, अर्धवट समजून, व्हॉट्सॲपवर टाकेल. तेव्हा खात्याकडून आलेला एक कागद हातात असलेला बरा.

तोवर वाचकांनी एवढे करावे. धरणात किंवा तळ्यात पाण्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी किंवा निळसर साय दिसली तर त्यात उतरू नये, मुलांना उतरू देऊ नये, गुरे तिथे पाण्यावर नेऊ नयेत. ते पाणी उकळून किंवा घरच्या अल्ट्राव्हायोलेट दिव्यातून काढून पिण्याजोगे होत नाही. लांब दोऱ्यांसारखे हाताला लागणारे हिरवे शेवाळ बहुधा वेगळे असते, ते पाहून घाबरण्याचे कारण नाही. दिसले ते ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, तारीख आणि फोटोसकट कळवा. घरात डायलिसिसचे रुग्ण असतील तर आपल्या केंद्रात पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

ते मच्छीमार जूनमध्ये पुन्हा आले. हात बरे झाले होते. ते शेवाळामुळेच सोलले होते का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. जाळ्याच्या नायलॉननेही असे होते. मी त्यांना मोबाइलवर ती तीन चित्रे दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिली, आपला काठ ओळखला, बोटाने फाटा दाखवला. ‘‘हितून नाला येतो,’’ ते म्हणाले. ‘‘दोन वर्षं झाली, हितंच पहिल्यांदा हिरवं होतं.’’ तो नाला कोणाचा, कुठून येतो, ते चित्रात दिसत नव्हते. त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते लिहून घेतले. येत्या फेब्रुवारीपासून दर पाच दिवसांनी त्या फाट्याचे चित्र उघडून बघण्याचे काम आमच्या नव्या इंटर्न तुकडीने घेतले आहे.